नौपाड्यातलं घर विकून नेरूळला घ्यायचंय, तारखा कशा जुळवायच्या?

नौपाडा_तिसरा_मजला:

नमस्कार मंडळी. ठाण्याला नौपाड्यात राम मारुती रोडपासून थोडं आत आमचा वन बीएचके आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. २००९ साली ३४ लाखांना घेतला, फक्त मिस्टरांच्या नावावर. सासूबाईंना आता जिने अजिबात झेपत नाहीत. डॉक्टरकडे जायचं असलं तरच खाली उतरतात, आणि वर येताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे बसून पाणी पिऊन मग उरलेला जिना. मिस्टरांची नोकरी महापेला. म्हणून नवी मुंबईत नेरूळ पश्चिमेला स्टेशनपासून चालत जाता येईल असा टू बीएचके बघितला. सोसायटी जुनी आहे, पण लिफ्ट आहे. मालक १ कोटी ४५ लाखांवर अडलाय.

आमच्या घराला एका जोडप्याने ९२ लाख कबूल केलेत. ते कर्ज काढून घेणार. आमचं स्वतःचं ११ लाखांचं कर्ज अजून फिटायचंय. हातात मोकळे पैसे ९ लाख, त्यापलीकडे काही नाही. राहिलेल्यासाठी मिस्टरांना कर्ज मिळेल असं बँकेने तोंडी सांगितलंय.

आता गंमत बघा. नेरूळचा मालक म्हणतो, पंधरा दिवसांत १५ लाख द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आमच्या घेणाऱ्यांना नोंदणी लगेच हवीये, पण त्यांचं भाड्याचं घर एप्रिलअखेरपर्यंत आहे. मुलगी दहावीला, त्यामुळे मार्चमध्ये पेपर संपेपर्यंत एक खुर्चीसुद्धा हलवायची नाही असं तिने बजावलंय. सासूबाई म्हणतात, मधल्या काळात भाड्याच्या घरात देव नेणार नाही. मिस्टर म्हणतात, नवं घर तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ, स्टँप ड्युटीत एक टक्का वाचतो. शेजारचे काका म्हणतात, आधी विकलंत तर सरकार सगळा टॅक्स घेऊन जाईल. आणि एजंट म्हणतो, वहिनी, काळजी करू नका, दोन्ही एकाच दिवशी करून टाकू.

तर आधी विकू की आधी घेऊ?

खारघरवासी:

आधी विका. पैसे खात्यात येऊ द्या, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) करा आणि शांतपणे शोधा. आम्ही डोंबिवलीचं विकून तेच केलं. हातात पैसा तयार असलेल्या गिऱ्हाइकाशी मालक वेगळ्या सुरात बोलतो. ज्या घराचा भाव महिनाभर हलत नव्हता तो आम्ही कर्ज मंजुरीचं पत्र आणि खात्याचं स्टेटमेंट टेबलावर ठेवल्यावर हलला. दोनदा सामान हलवायचा खर्च होतो, डिपॉझिट अडकतं, एजंटला एक महिन्याचं भाडं जातं. पण रात्री झोप लागते. देवांचं म्हणाल तर आमचेही देव भाड्याच्या घरात आले होते, काही बोलले नाहीत.

एजंट_बोलतोय:

मी याच धंद्यात आहे, ठाणे पश्चिमेला. तुमच्या एजंटची बाजू घ्यायला हवी, पण घेणार नाही. एकाच दिवशी दोन नोंदण्या म्हणजे सकाळी ठाण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात रांग, दुपारी नवी मुंबईत. मध्ये कुठेही सर्व्हर बसला, कुणाचा अंगठा लागला नाही, कुणी मूळ आधार कार्ड घरी विसरला, की दुसरीकडचे लोक ताटकळत. समजा झाल्या दोन्ही नोंदण्या. नोंदणी म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या गिऱ्हाइकाची बँक चेक सोडणार नोंदणीनंतर काही आठवड्यांनी. तो चेक यायच्या आत तुम्ही नेरूळला बांधले गेलेले असाल.

आणखी एक. कुणी थोडे रोखीत द्या-घ्या म्हणालं तर सरळ नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकरवाले तेवढ्याच रकमेचा दंड लावू शकतात.

ऐरोलीची_मावशी:

मी बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झालेय, आणि स्वतः कोपरीचं घर विकून ऐरोलीला आलेय, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. अगं, आधी विकू की आधी घेऊ हा वाद मी काउंटरवर रोज ऐकायचे. तो बाजूला ठेव. प्रत्येक व्यवहाराला दोन तारखा असतात, एक पैशाची आणि एक किल्लीची. लोक त्या एकच समजतात आणि मग दोन घरांच्या मध्ये लोंबकळतात. तुझ्याकडे दोन व्यवहार, म्हणजे चार तारखा. त्या चारी वेगवेगळ्या लिहून काढ.

आधी पैसा, कारण तुझ्या हिशेबात एक मोठी गोष्ट धरलेलीच नाही. नवी मुंबईत स्टँप ड्युटी ७ टक्के. १ कोटी ४५ लाखांवर १० लाख १५ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम नोंदणीच्या आधी भरावी लागते आणि बँक त्यासाठी कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की घराच्या किमतीत ड्युटी धरून कर्जाचं प्रमाण काढायचं नाही. म्हणजे तुझे ९ लाख ड्युटीलाही पुरत नाहीत, १५ लाख मालकाला कुठून देणार? तेव्हा नेरूळची नोंदणी तुझ्या घराचा पैसा आल्याशिवाय होऊच शकत नाही. आधी काय, याचं उत्तर इथेच मिळालं. पण उत्तर मिळालं म्हणून गुंता सुटला असं नाही.

आता तुझं ठाण्याचं घर. घेणाऱ्यांकडून मंजुरीपत्र मागून घे, पण त्यावर भाळू नकोस. ते पत्र माणसाच्या पगारावर मिळतं. घराची लीगल आणि टेक्निकल तपासणी त्यानंतर होते, आणि जुन्या इमारती तिथेच अडकतात. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का? पहिल्या मालकापासूनची सगळी ॲग्रीमेंट सलग आहेत का? इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर बँकेचा माणूस स्ट्रक्चरल ऑडिट मागू शकतो. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर मिस्टरांचं नाव चढलंय का? हे सगळं याच आठवड्यात सेक्रेटरीकडून काढून ठेव.

तुमचं ११ लाखांचं कर्ज घेणाऱ्यांच्या स्वतःच्या पैशातून बंद कर. ९२ लाखांवर बँक त्यांना फार तर ७५ ते ८० टक्के देईल, म्हणजे १८ लाखांच्या वर त्यांना पदरचे घालावे लागणार. आमच्याकडे त्याला ओसीआर म्हणायचे. ओसीआर भरल्याशिवाय कर्जाचा चेक निघत नाही. त्यातले ११ लाख थेट तुमच्या बँकेत जाऊ देत. फ्लोटिंग व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नसतो. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. मॅनेजरला हा नियम आठवण म्हणून सांगायचा, धमकी म्हणून नाही. कागद लवकर येतात.

राहिली किल्ली. समजा नोंदणी फेब्रुवारीत झाली, त्यांच्या बँकेचा चेक मार्चच्या मध्यावर आला. मग लगेच नेरूळची ड्युटी, नेरूळची नोंदणी, तुमच्या कर्जाचं वाटप. हे सगळं व्हायला एप्रिल संपत येणार. म्हणजे पैसे मिळूनही दीड महिना तुम्ही जुन्याच घरात. घेणाऱ्यांना तसं चालण्यासारखं आहे, त्यांचं भाड्याचं घर एप्रिलअखेरपर्यंत आहे म्हणतेस. पण ‘चालेल हो वहिनी’ यावर विसंबू नकोस. चेक आल्याच्या तारखेपासून त्यांचा हप्ता सुरू होतो, आणि पहिला हप्ता भरला की माणसाचा स्वभाव बदलतो. म्हणून ॲग्रीमेंटमध्ये ताब्याची तारीख स्वतंत्र लिही, आणि तेवढ्या काळासाठी त्यांच्याकडून रीतसर नोंदणी केलेलं लिव्ह अँड लायसन्स करून तुम्हीच तुमच्या घरात भाडेकरू म्हणून राहा. त्यांना भीती वाटेल की तुम्ही निघणारच नाही. त्यांना सांग, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं लागतं. वर दोनेक लाख किल्ली देईपर्यंत त्यांच्याकडे राहू देत. भाडं किती, हे घासाघीस करून ठरेल. ७० लाखांच्या आसपास कर्ज काढलं तर आठ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ४७ हजारांच्या घरात जातं, आणि जिना चढून जायच्या वन बीएचकेला नौपाड्यातही तेवढं भाडं येत नाही. मधला आकडा काढा. दोनदा टेम्पो, डिपॉझिट आणि दलाली यापेक्षा हे स्वस्तच पडेल, आणि तुझ्या लेकीची खुर्ची जागेवर राहील.

आणि सगळ्यात आधी सुरू करायचं काम नेरूळचं आहे. तिथली जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. घर हस्तांतर करायचं तर सिडकोची परवानगी, बँकेकडे गहाण ठेवायचं तर त्याचीही वेगळी एनओसी. मालकाला विचार की सिडकोच्या दप्तरात घर त्याच्या नावावर झालंय का. जुन्या घरांमध्ये मधल्या एखाद्याने नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर विकलेलं असतं आणि सिडकोत नाव अजून पहिल्याच माणसाचं असतं. तसं निघालं तर किती महिने जातील हे मालकालाही सांगता येणार नाही. ठाण्याचा व्यवहार धावतो, नेरूळचा रांगतो. जो रांगतो तो आधी सुरू करायचा. तेव्हा १५ लाखांचं नाव सोड. एक-दोन लाखांचं टोकन दे, चेकने. लेखी एमओयू (प्राथमिक करार) कर, आणि त्यात स्पष्ट लिही की सिडकोची परवानगी अमुक तारखेपर्यंत आली नाही किंवा कागदात दोष निघाला तर टोकन पूर्ण परत. हस्तांतर शुल्क कोण भरणार तेही त्यातच.

आकडेमोड:

मी सीए आहे. शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका.

३४ लाखांचं घर ९२ ला गेलं, नफा दिसतो ५८ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर होतो सव्वासात लाख. हा आकडा ऐकून लोक घाबरतात. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला जुना हिशेबही लावून बघता येतो: महागाई निर्देशांक धरून २० टक्के, दोन्हींत जो कमी तो. २००९-१० चा निर्देशांक १४८, २०२५-२६ चा ३७६. ३१ मार्च २०२६ च्या आत विक्री झाली असं धरलं तर तुमची ३४ लाखांची किंमत ८६ लाख ३८ हजार होते. नफा उरतो साधारण ५ लाख ६२ हजार, कर सव्वा लाखाच्याही आत. तेव्हाची स्टँप ड्युटी किमतीत मिळवली की आणखी उतरतो.

आणि तोही भरायची वेळ येऊ नये, कारण कलम ५४ आहे. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं की नफा माफ. म्हणजे आधी विकण्या-घेण्याने करात फरकच पडत नाही. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर घेऊन झालं नाही तर नफ्याची रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये ठेवायची. साध्या एफडीत ठेवून चालत नाही. नवं घर तीन वर्षं विकायचं नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून जुना लेख वाचून क्रमांकावर भांडू नका.

आता मिस्टरांची कल्पना. घर त्यांच्या नावावरचं विकताय, नवं फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर कलम ५४ ची सवलत वादात जाते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा बाबतीत पूर्वी करदात्याच्या विरोधात निकाल दिलेला आहे. तुम्ही दोघांनी मिळून घेतलंत तर महिलांची एक टक्का सूट मिळत नाही, ती सगळे खरेदीदार महिला असतील तरच. तुमच्या बाबतीत तो एक टक्का म्हणजे १ लाख ४५ हजार आणि वादात जाणारा कर सव्वा लाखाच्या आत. आकड्यांत मिस्टर जिंकले! तरी मी दोघांची नावं घाला म्हणेन. पंचवीस-तीस हजारांसाठी नोटिशीला उत्तरं देत बसणं मला पटत नाही, आणि हप्ते भरणाऱ्याचं नाव घरावर नसेल तर व्याजाच्या वजावटीचाही प्रश्न येतो. मिस्टर जुन्या कर पद्धतीत असतील तर हे जास्त महत्त्वाचं.

कळव्याहून:

मावशींनी सगळं सांगितलं, मी फक्त एक भर घालतो. आमच्या घेणाऱ्याचं कर्ज नोंदणी झाल्यावर फिरलं. मंजुरीपत्र होतं, पण मधल्या काळात त्याने नोकरी बदलली आणि बँकेने हात वर केले. आम्ही तोवर पुढच्या घराला मोठी रक्कम देऊन बसलो होतो. नोंदणी झालेलं ॲग्रीमेंट रद्द करायलाही समोरच्याची सही लागते, हे तेव्हा कळलं. त्यामुळे ॲग्रीमेंटमध्ये त्यांच्या कर्जाच्या चेकची शेवटची तारीख लिहा, ती उलटली तर काय, तेही लिहा. रद्द करावं लागलं तर ते रजिस्ट्रारकडे येऊन सही करतील हे वाक्य हवंच. आणि त्यांच्यामागे रांगेत असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर पुसून टाकू नका.

नौपाडा_तिसरा_मजला:

मावशी, तुमचा मेसेज मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. स्टँप ड्युटी खरंच धरली नव्हती. आकडेमोड साहेब, ‘मिस्टर जिंकले’ एवढं एकच वाक्य घरात दहा वेळा ऐकलं, पुढचं कुणी ऐकतच नाही.

दोन शंका. घेणारे म्हणतात ९२ लाखांतून टीडीएस कापणार, ते बरोबर आहे का? आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी ट्रान्सफरसाठी लाखभर ‘देणगी’ मागतोय, नाहीतर एनओसी देत नाही म्हणतो.

एजंट_बोलतोय:

देणगी कसली. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार, ९ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने ठरलेली. वर ५०० ट्रान्सफर फी आणि १०० प्रवेश फी. स्वखुशीची देणगी म्हणून जास्त मागणं याच निर्णयाने बंद केलंय. लेखी मागा म्हणावं. लेखी कधीच देत नाहीत. पण भांडण आत्ता काढू नका, तुम्हाला त्याच माणसाकडून ऑडिट रिपोर्ट आणि ओसीची प्रत घ्यायचीये. आधी कागद, मग शासन निर्णयाची झेरॉक्स.

ऐरोलीची_मावशी:

टीडीएस बरोबर आहे. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर घेणारा १ टक्का कापून सरकारात भरतो. तुमचे ९२ हजार जातील, ते मिस्टरांच्या रिटर्नमध्ये परत मिळतील. तसेच तुम्हाला नेरूळच्या मालकाचे १ लाख ४५ हजार कापायचेत, हे विसरू नका, नाहीतर दंड तुम्हाला. त्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना तेही बघ, नसेल तर २० टक्के कापावे लागतात आणि मग तो तुझ्यावरच ओरडेल.

सिडकोचं विचारलंस का?

नौपाडा_तिसरा_मजला:

विचारलं. आधी म्हणाला, ‘सगळं क्लिअर आहे.’ कागद मागितल्यावर दोन दिवस फोन उचलला नाही. मग निघालं ते तुम्ही म्हणालात तेच. त्याने ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या नावावर सिडकोत कधी झालंच नव्हतं. त्याचं म्हणणं, महिनाभरात करून देतो. १५ लाखांवरून आता २ लाखांवर आलाय, तेव्हा ते दुसरं तयार गिऱ्हाईक कुठे गेलं कोण जाणे.

इकडे घेणाऱ्यांना लिव्ह अँड लायसन्सची कल्पना पटलीये, भाडं ३५ हजार ठरतंय. पण नेरूळचं लांबलं तर एप्रिलनंतर आम्ही कुठे जायचं?

ऐरोलीची_मावशी:

मग नेरूळला आत्ता दमडी देऊ नकोस. सिडकोच्या दप्तरात त्याचं नाव चढल्याचं पत्र दाखव, त्याच दिवशी टोकन देते म्हणावं. त्याचा महिना मोजायला घेऊ नकोस. सानपाडा, जुईनगर, नेरूळ पूर्व इथे अशीच घरं बघत राहा, आणि एजंटला पहिलाच प्रश्न सिडकोचा विचार, भाव नंतर.

घेणाऱ्यांशी करताय त्या लायसन्समध्ये आणखी दोन महिने वाढवायची मुभा आत्ताच लिहून घे, थोड्या जास्त भाड्याने का होईना. त्यांना त्यांचं भाड्याचं घर तेवढं वाढवून मिळतंय का हे त्यांच्या घरमालकाला आजच विचारायला सांग, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नको. मिळत नसेल तर तुझी ठाण्याची नोंदणी थोडी पुढे ढकल. ३१ मार्चची ओढ धरू नकोस, घर घेणारच आहात तर कलम ५४ ची सवलत पुढच्या वर्षीही आहेच. ९२ लाखांचं गिऱ्हाईक टिकवायला हवं हे खरं, पण ते तीन आठवडे थांबतं का बघ. भाड्याचं घर एप्रिलपर्यंत असलेली माणसं सहसा थांबतात.

नौपाडा_तिसरा_मजला:

विचारते. सासूबाईंना काल हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, लिफ्ट असेल तर भाड्याचं घरसुद्धा बघून ठेव. देवांचं काय, विचारलं, तर म्हणाल्या, देवांना गुडघे नाहीत.

खारघरवासी:

तळमजल्याचंही चालेल का विचारा. नेरूळला सेक्टरच्या आतल्या भागात बरी मिळतात. भाड्याचं घर बघायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करा, परीक्षा संपल्यावर मे महिन्यात सगळेच निघतात आणि मग टेम्पोवालासुद्धा भाव खातो.